किती प्रती काढल्या?

आमच्या स्टुडिओत गिऱ्हाइकासमोरच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त काम कॉपीच्या कॅमेऱ्याला असायचं. पाटावर मूळ फोटो टाचण्यांनी ताठ बसवायचा, दोन्ही बाजूंना तिरपे दिवे लावायचे आणि वरून, खाली तोंड केलेल्या कॅमेऱ्याने, त्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. १९७८ साली मी नगरमध्ये या कामाला उमेदवार म्हणून लागलो. कॉपीचं गिऱ्हाईक बहुधा सुतकातलं असे. वडील गेलेत, आणि त्यांचा एकुलता फोटो म्हणजे कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपात तिसऱ्या रांगेत नखाएवढा चेहरा. तो उचलायचा, मोठा करायचा, टोपीच्या जागी फेटा बांधायचा, अंगात कोट रंगवायचा आणि तेराव्याच्या आत फ्रेम हातात द्यायची. गेलेल्या माणसाला विचारणार कसं? घरची माणसं डोळे पुसत समोर बसलेली असायची. त्या कामाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

दुसरं मोठं काम साईबाबांचं. शिर्डी आमच्याच जिल्ह्यातली, तेव्हा कोपरगाव तालुक्यात होती. दगडावर पायावर पाय टाकून बसलेले बाबा, भिंतीला टेकलेले बाबा, हे फोटो सगळ्यांच्या ओळखीचे. आमच्या हातात मात्र मूळ फोटो कधी आला नाही. यायची ती प्रतीची प्रत, तिचीही प्रत. प्रत्येक कॉपीत उजेड आणखी पांढरा होतो, सावली आणखी काळी होते, आणि मधल्या करड्या छटा उडून जातात. सगळ्यात आधी डोळे जातात. भुवईखाली नुसता काळा डाग उरतो. मग रिटचिंगवाला बारीक ब्रश घेऊन तिथं आपल्या मनाने डोळे काढतो. मी काढलेत. जिल्ह्यातल्या कितीतरी देव्हाऱ्यांत बाबांच्या चेहऱ्यावर माझ्या हातचे डोळे आहेत, आणि ते आठवलं की आता छातीत धस्स होतं. १९५४ साली समाधिमंदिरात बसलेली बाळाजी वसंत तालीम यांची संगमरवरी मूर्तीही फोटोवरूनच घडली. तालीमांसमोर निदान चांगला फोटो होता, आणि हात त्यांचा होता.

आपल्या फोटोंच्या अशा प्रती निघणं बाबांना चालत होतं का, हा प्रश्न धंद्यात मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मलाही तो पडला तो साईसच्चरित वाचताना. हेमाडपंतांनी, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी, चरित्र लिहायला घेण्याआधी माधवराव देशपांड्यांकरवी बाबांची परवानगी मागितली होती. बाबांनी उदी दिली, डोक्यावर हात ठेवला, मग लेखणी उचलली गेली. शब्दांसाठी एवढी रीत पाळली गेली. पण त्याच काळात, बाबा शिर्डीत हयात असताना, मुंबईच्या रस्त्यावर फेरीवाले बाबांची तसबीर विकत होते.

हे मी त्याच ग्रंथाच्या आधाराने सांगतो. १९१७ च्या होळी पौर्णिमेला हेमाडपंतांच्या वांद्र्याच्या घरी पानं वाढलेली असताना अली महंमद नावाचे गृहस्थ बाबांची तसबीर घेऊन आले, ही कथा भाविकांना पाठ आहे. पहाटे हेमाडपंतांच्या स्वप्नात बाबा जेवायला येतो म्हणाले, आणि दुपारी तसबिरीच्या रूपाने आले. पण ती तसबीर आली कुठून, हे अली महंमदांनी नऊ वर्षांनी सांगितलं. एकेचाळिसाव्या अध्यायातला हा भाग लोक भरभर वाचून पुढे जातात. माझं मात्र पान तिथंच अडकतं.

अली महंमदांनी ती तसबीर रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेऊन फ्रेम केली होती आणि घरी इतर संतांच्या तसबिरींबरोबर टांगली होती. त्यांच्या मेहुण्यांचे गुरू होते अब्दुल रहमानबाबा. मेहुण्यांनी गुरूंचा लहान फोटो नावाजलेल्या फोटोग्राफरकडून मोठा करून घेतला, नातलगांना आणि मित्रांना त्याच्या प्रती वाटल्या, आणि एक मोठी प्रत हौसेने गुरूंपुढे नेली. गुरू खवळले. मारायला धावले, दरबारातून हाकलून दिलं. मेहुण्यांनी होडी करून अपोलो बंदराच्या पाण्यात तो फोटो सोडला. मग वाटलेल्या प्रती, एकूण सहा, घरोघरून परत मागवल्या आणि एका कोळ्याकडून वांद्र्याच्या समुद्रात टाकवल्या. अली महंमदांनीही घरातल्या तसबिरी बुडवायला सांगितलं. सगळ्या गेल्या, एक साईबाबांची तेवढी भिंतीवर राहिली, ती पुढे हेमाडपंतांकडे आली.

भाविकांना त्यात बाबांची लीला दिसते. मलाही दिसते. पण माझं मन त्या मेहुण्यांपाशी घुटमळतं. भक्ती खरी, पैसा स्वतःचा, कामही चांगल्या फोटोग्राफरकडून करून घेतलेलं. फक्त ज्याचा चेहरा त्यालाच विचारलं नाही. चूक कळल्यावर मात्र त्यांनी जे केलं ते आमच्या धंद्यात मी कुणाला करताना पाहिलं नाही. त्यांनी प्रती मोजल्या आणि परत आणल्या.

आमच्याकडे शिकवण उलटी होती. निगेटिव्ह आपली, म्हणजे फोटो आपला. देखण्या गिऱ्हाइकाची एक जादा प्रत काढायची, हाताने रंगवायची आणि दाराजवळच्या काचेच्या कपाटात लावायची. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे, तीच जाहिरात. कायदा असं म्हणत नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्पष्ट आहे, की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. हे मला धंद्यात पंधरा वर्षं झाल्यावर समजलं. आणि समजलं तेव्हा त्यातली फटही दिसली. कायदा पैसे देणाऱ्याला ओळखतो. पैसे बाप देतो, चेहरा मुलीचा असतो.

१९८१ साली एक तरुण शाळेचा ग्रुप फोटो घेऊन आला. दुसऱ्या रांगेतली डावीकडून तिसरी मुलगी. मामाची मुलगी आहे, स्थळाला पाठवायचाय, म्हणाला. मी चेहरा उचलला, शेजारणींच्या वेण्या पुसल्या, चार प्रती दिल्या. महिन्याभराने मुलीचे वडील आले. त्यांच्या हातात माझी प्रत होती, त्यांच्या मुलीच्या ठरत आलेल्या सासरी कुणीतरी टपालाने धाडलेली. मागे काय लिहिलं होतं ते त्यांनी दाखवलं नाही. आमचे मालक म्हणाले, गिऱ्हाईक देईल त्याची कॉपी करतो, घरच्या भानगडी आम्हाला काय माहीत. वडील माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बाळा, आमच्या घरी एकदा विचारायचं." ती सोयरीक मोडली. त्यानंतर ओळख पटल्याशिवाय मी जित्या माणसाची कॉपी केली नाही. त्या पायी गिऱ्हाइकं गेली, मालकांची बोलणी खाल्ली.

पुढे तोच स्टुडिओ मी चालवायला घेतला आणि २००९ साली बंद केला. निगेटिव्ह वजनावर घ्यायला भंगारवाला तयार होता. तो त्यातली चांदी काढतो. मी त्याला थांबवलं आणि जुन्या रजिस्टरांवरून जेवढी माणसं सापडली तेवढ्यांना निरोप धाडले. ज्याचं त्यानं घेऊन जावं. पुष्कळांनी येतो म्हणून सांगितलं. आली थोडी.

एक बाई सुनेला घेऊन आल्या. बाईंचा लग्नाआधीचा फोटो, खांद्यावर पुढे घेतलेली वेणी. दोन वर्षं तो आमच्या कपाटात होता. मी पाकीट दिलं. त्यांनी निगेटिव्ह उजेडाकडे धरली. काळा चेहरा, पांढरे केस, तरी ओळखू आली. मग विचारलं, "किती काढले होते हो याचे?"

रजिस्टरात तीन लिहिलेले होते. मी सांगितलं, "चार."

"आम्हाला तर तीन मिळाले."

मी चौथा आतून आणला. कडा पिवळ्या पडल्या होत्या, गालांवरचा माझा गुलाबी रंग अजून तसाच होता. त्यांनी तो पालथा करून टेबलावर ठेवला, मग उचलून पिशवीत घातला.