फोर्टातील पेढ्या आणि त्यांचा दगड

मुंबईच्या फोर्ट भागातील जुन्या व्यापारी इमारतींना तीन दगडांनी रूप दिले. काळा बेसॉल्ट शहराच्या परिसरातच निघे, पिवळसर ट्रॅकाइट कुर्ला आणि मालाडच्या खाणींतून येई आणि मऊ, फिकट चुनखडक पोरबंदरहून समुद्रमार्गे उतरे. १८६० च्या दशकात किल्ल्याचा तट पडला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बांधकामांनी वेग घेतला.

प्रत्येक दगडाचे काम त्याच्या गुणावरून ठरे. कठीण, पाणी न पिणारा बेसॉल्ट पायात आणि जोत्याला जाई. मालाडचा दगड दर्शनी भिंतींना लागे, तर पोरबंदरी दगड सहज कोरता येत असल्याने कमानी, कंगोरे आणि नक्षीसाठी निवडला जाई. ओबडधोबड ठेवलेल्या मालाडी चिऱ्यावर पाथरवटाच्या टाकीचे घाव आजही बोटांना लागतात. पोरबंदरी नक्षीचे कण मात्र पावसाने सुटतात आणि पानाफुलांच्या कडा बोथट होतात.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने दगडाचा खर्च एकदाच होता. चार महिने कोसळणाऱ्या पावसात गिलाव्याच्या भिंतीला वरचेवर रंग आणि डागडुजी लागे, घडीव दगडाला ती फारशी लागत नसे. शिवाय बँक किंवा विमा कंपनी परक्याचा पैसा सांभाळते. तिची भक्कम वास्तू पाहूनच ठेवीदाराला भरवसा वाटे. हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, १८९६ च्या नियमाने तळमजल्यावर कमानींचा पादचारी मार्ग सक्तीचा केला. प्रत्येक इमारतीची शैली वेगळी राहिली, पण ऊन-पावसात गिऱ्हाईक दुकानाच्या दारापर्यंत कोरडे पोहोचू लागले.

वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी आखलेल्या, फोर्टालगतच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये मात्र कचेऱ्यांच्या दर्शनी बाजू एकमेकींशी जुळत्या ठेवल्या गेल्या आणि सगळ्या वसाहतीला एकच भारदस्त चेहरा मिळाला. विटेट यांचेच १९२४ मधील बॉम्बे हाउस मालाडच्या दगडात असून टाटा समूहाचे ते मुख्यालय आहे.

१९३० च्या दशकात काँक्रीटचा सांगाडा रुळला. भार पेलण्याचे काम दगडाकडून गेले आणि तो मुख्यतः दर्शनी आवरणापुरता उरला. जुन्या दगडी भिंतींना आता जपणूक हवी. सांध्यांत सिमेंट भरले की ओल आत कोंडते आणि मऊ दगडच झिजतो. म्हणून दुरुस्तीत दरजा चुन्यानेच भरतात. नीट राखलेल्या या इमारतींत शंभर वर्षांनंतरही कचेऱ्या आणि दुकाने चालू आहेत. दगडावर केलेल्या खर्चाचा परतावा तोच.