पंच नसलेले प्रदर्शन

चित्रकलेवर बोलण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील तर त्याचे चुकणार नाही. आमचे आयुष्य वर्गणीच्या पावत्या फाडण्यात, सभांची इतिवृत्ते लिहिण्यात आणि घटनेतल्या कलमांवर भांडण्यात गेले. पण १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये कलावंतांत जे प्रकरण घडले, ते चित्रांचे कमी आणि वर्गणी-कलमांचेच अधिक होते.

त्याचे मूळ पॅरिसमध्ये आहे. तेथल्या सरकारी प्रदर्शनात कोणते चित्र लावावे हे पंचमंडळ ठरवी. १८६३ साली पंचांनी इतकी चित्रे परत केली, की ती ओरड बादशहा तिसऱ्या नेपोलियनच्या कानी गेली, आणि नाकारलेल्या चित्रांचे वेगळे प्रदर्शन भरवण्याचा हुकूम त्याने काढला. लोक गेले, बरेचसे हसायलाच गेले. पण पंचांनी काय नाकारले, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले. माने याचे आज जगप्रसिद्ध असलेले वनभोजनाचे चित्र त्यांतच होते. पुढे १८८४ साली कलावंतांनी स्वतःची संस्था काढली. पंच नाहीत, पारितोषिके नाहीत, हे तिचे ब्रीद.

ब्रीदाने माणसाचा स्वभाव मात्र बदलत नाही. १९१२ साली मार्सेल दुशां या तरुणाने जिना उतरणाऱ्या नग्नाकृतीचे चित्र तेथे पाठवले. चित्रे लावणाऱ्या मंडळींना ते रुचले नाही. नकार कोणी लिहून दिला नाही. त्याच्या थोरल्या भावांकरवी, निदान चित्राचे नाव तरी बदल, असा निरोप धाडला. दुशां निमूटपणे गेला आणि चित्र घरी घेऊन आला.

हाच दुशां पुढे न्यूयॉर्कला गेला. तेथल्या कलावंतांनी १९१६च्या अखेरीस पॅरिसच्या धर्तीवर जी संस्था स्थापली, तिच्या संचालकांत तो होता. एक डॉलर प्रवेश फी, पाच डॉलर वर्गणी. सहा डॉलर भरले की तुमची कृती मांडली जाणार. मोक्याच्या भिंतीवरून कुरबूर नको म्हणून मांडणी आडनावांच्या आद्याक्षरांप्रमाणे, आणि पहिले अक्षरसुद्धा चिठ्ठी काढून ठरवलेले! आधी कोणी बोलावे यावरून सभा उधळलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या चिठ्ठीचे मोल आम्हांला विचारा.

एप्रिल १९१७मध्ये, उद्घाटनाच्या तोंडावर, आर. मट या नावाने एक वस्तू आली. सोबत सहा डॉलर. वस्तू म्हणजे मुतारीतले चिनी मातीचे भांडे, आडवे ठेवलेले, वर सही आणि साल. पाठवणारा दुशांच, हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. (अलीकडे काही अभ्यासक त्याविषयीही शंका घेतात.) कोणाला ती थट्टा वाटली, कोणाला अश्लीलता. हजर असलेल्या संचालकांनी घाईने मते घेतली, थोडक्या फरकाने नकार ठरला, आणि भांडे मांडले गेले नाही. ही कलाच नव्हे, असे वृत्तपत्रांना सांगण्यात आले. दुशां आणि त्याचे मित्र वॉल्टर अरेन्सबर्ग यांनी राजीनामे दिले.

आम्ही भांड्याचे वकील नव्हे. ते कला होते की नाही, हे जाणकारांनी पाहावे. संचालकांची अडचणही आम्हांला कळते. उद्या दारे उघडायची आणि लोक हसणार, हे भय खोटे नसते. कारखान्यात बनलेली वस्तू घेणार नाही, असे कलम त्यांनी आधीच घातले असते, तर आमची तक्रार नव्हती. नियम कडक असला तरी सभासद त्याच्याशी भांडू शकतो, तो बदलून घेऊ शकतो. पण एका कलमाखाली पैसे घ्यायचे, आणि न आवडणारा माणूस आला की दार लावून दुसरे कलम जन्माला घालायचे, याला काय म्हणावे? बाराशेंच्या आसपास कलावंतांनी त्याच कलमावर विसंबून पैसे भरले होते. त्यांना कोणी विचारले? मटला लेखी कारण दिले असते, त्याला बाजू मांडू दिली असती, सर्व सभासदांपुढे प्रश्न ठेवला असता, तर कदाचित नकारच कायम राहिला असता. तो नकार आम्ही मानला असता.

मे महिन्यात दुशांच्या मित्रमंडळींनी एका छोट्या मासिकात हीच तक्रार छापली, की चर्चा न होताच वस्तू नाहीशी झाली. तिच्याबरोबर आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी काढलेले भांड्याचे छायाचित्र होते. मूळ भांडे हरवले ते हरवलेच. संग्रहालयांतून आज दिसतात त्या पुष्कळ वर्षांनी केलेल्या प्रतिकृती आहेत.