लेखणीचें कवच

इ. स. १७५० मध्यें सांगोल्यास रामराजे व बाळाजी बाजीराव पेशवे यांच्यांत करार झाला आणि मराठी राज्याचीं सूत्रें पेशव्यांच्या हातीं आलीं. त्या काळीं दप्तरांतील लेखन बोरूनें चाले. बोरूला रोगण नसे. त्याची गुळगुळीत साल हेंच कवच. टोक झिजलें कीं लिहिणारा चाकूनें तें पुन्हां तासून घेई.

लाकडी लेखणीला मात्र घाम व शाई यांपासून रक्षण हवें. सावंतवाडीचे कातारी फिरत्या लाकडावर लाख धरतात; घर्षणाच्या उष्णतेनें ती वितळून बसते व चकाकते. परंतु टवका उडाल्यास पुन्हां कातारीच गाठावा लागतो. जवसाचें तेल लाकडांत मुरून हवेनें हळूहळू घट्ट होतें. चकाकी बेताचीच, पण झिजल्यावर तें घरींच लावतां येतें.

रोजच्या लेखणीस मी तेलच पसंत करीन. बोरूप्रमाणें तिचीही डागडुजी लिहिणाऱ्याच्याच हातीं राहते.