‘बोधा’कडून ‘आनंदा’कडे : मराठी बालवाङ्मयाची वाट

मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न शिक्षकांस नवा नाही. पालकसभेत तो हटकून निघतो, आणि त्याचे उत्तर म्हणून पाच-दहा नावांची एक यादी सांगून आपण मोकळे होतो. अशी यादी आम्हीही ह्या लेखाच्या अखेरीस देणार आहोत. परंतु तत्पूर्वी ही पुस्तके मराठीत कोठून आली, ती कोणी कोणासाठी लिहिली आणि त्यांतली कोणती टिकली, हे पाहिल्यावाचून त्या यादीस अर्थ येणार नाही असे आम्हांस वाटते. शिवाय महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहणाऱ्या आपणां मराठी भाषकांस ह्या इतिहासात एक विशेष आस्थेचा धागा सापडतो. तो धागा अगदी आरंभापासूनचा आहे.

१

मराठीत मुलांसाठी छापलेल्या पुस्तकांची परंपरा सांगताना पुण्या-मुंबईपासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. वास्तविक ती तंजावरापासून केली पाहिजे. सरफोजी राजे (१७७७-१८३२) हे विद्याव्यासंगी पुरुष होते. त्यांच्या ग्रंथसंग्रहाचे नाव सरस्वतीमहालामुळे सर्वांस ठाऊक आहे, पण त्यांनी ‘नवविद्याकलानिधी’ नावाचा छापखानाही चालविला होता, हे तितकेसे स्मरणात राहिलेले नाही. ह्याच छापखान्यातून १८०६ मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ बाहेर पडली. इसापाच्या गोष्टींचा हा मराठी अवतार सख्खण पंडित ह्यांनी सिद्ध केला. म्हणजे मराठी मुलांचे पहिले छापील पुस्तक तमिळ मुलखात, कावेरीच्या काठी जन्मले. मातृभाषा आणि भोवतालची भाषा निराळी असलेल्या एका राजसभेस आपल्या मुलांच्या मराठीची काळजी प्रथम वाटावी, ह्यात आम्हांस नवल वाटत नाही. जेथे भाषा हवेसारखी सहज मिळते तेथे तिची चिंता कोणी करीत नाही.

त्यानंतरची पुस्तकेही दूरवरूनच आली. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे डॉ. केरी ह्यांच्या छापखान्यातून १८१४ मध्ये ‘सिंहासनबत्तिशी’ आणि १८१५ मध्ये वैजनाथशास्त्र्यांचा ‘हितोपदेश’ प्रसिद्ध झाला. ही पुस्तके मुख्यतः मराठी शिकणाऱ्या साहेबांच्या अभ्यासासाठी होती. तरी बत्तीस पुतळ्यांच्या आणि लबाड कोल्ह्यांच्या त्या गोष्टी मुळातच मुलांच्या आवडीच्या असल्याने पुढे त्या मुलांनी आपल्याशा केल्या. एखादे पुस्तक कोणासाठी लिहिले गेले ह्यापेक्षा ते कोणी उचलले हे महत्त्वाचे, हा धडा येथेच मिळतो.

२

पेशवाई संपून मुंबई इलाख्यात नव्या शाळा निघू लागल्या आणि शाळांना पुस्तकांची निकड भासू लागली. त्या कामी सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे (१७८८-१८३०) ह्यांचा वाटा मोठा आहे. १८२८ मध्ये त्यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. ‘बाळमित्र’ हे बेर्कँ ह्या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरावरून उतरलेले. म्हणजे पॅरिसच्या मुलांसाठी रचलेल्या गोष्टी लंडनमार्गे गिरगावात आल्या. १८३० मध्ये छत्र्यांनीच ‘वेताळपंचविशी’ दिली. ह्या तिन्ही पुस्तकांकडे एकत्र पाहिले असता एक गंमत दिसते. पहिल्या दोहोंत चांगले वागावे हे सांगण्याचा आग्रह आहे. तिसऱ्यात प्रेत खांद्यावर घेऊन चालणारा राजा आणि कोडी घालणारा वेताळ आहे. शाळेने पहिली दोन शिकविली. तिसरे मुलांनी न शिकविता वाचले.

ह्या काळच्या बहुतेक पुस्तकांत बोधाचा सूर चढा का लागला, ह्याचे कारण लेखकांच्या स्वभावात शोधण्याचे प्रयोजन नाही. ते पुस्तकांच्या व्यवहारात आहे. पुस्तक छापविणारी शाळामंडळी, विकत घेणारे शिक्षणखाते, वाटणारा पंतोजी. ह्या साखळीत मूल कोठेच गिऱ्हाईक नव्हते. ज्याच्या पैशाने पुस्तक निघते त्याच्या पसंतीचेच ते होणार, आणि वडीलधाऱ्यांची पसंती बोधाकडे असते हे सांगावयास नको. ह्याउलट कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेले आणि पुढे विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले ह्यांनी तडीस नेलेले अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टींचे भाषांतर मुलांसाठी म्हणून झालेले नव्हते. तरी घराघरांतून मुलांनीच ते चोरून वाचून फाडून टाकले. पुस्तक फाटेपर्यंत वाचले जाणे, ह्याहून मोठे प्रशस्तिपत्र बालवाङ्मयात दुसरे नाही.

३

गिऱ्हाईक बदलले ते मासिकांमुळे. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक (१८४०-१९१४) ह्यांनी ‘बालबोध’ काढले आणि मरेपर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, ते चालविले. कविता, एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र, निबंध, शास्त्रीय माहिती असा त्याचा ठरीव थाट असे. ओक शिक्षणखात्यात होते आणि त्यांच्या लिखाणात तो शिक्षक लपत नाही. पण भाषा सोपी व स्वच्छ असावी हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. मूल दर महिन्यास टपालाची वाट पाहू लागले, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. पाठ्यपुस्तकाची वाट कोणी पाहत नाही.

पुढे १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे (१८७१-१९३०) ह्यांनी ‘आनंद’ काढला. आपटे हे ‘शब्दरत्नाकर’कार कोशकार. एवढ्या भारदस्त माणसाने मुलांच्या मासिकाला हे नाव द्यावे, ह्यात आम्हांस एका युगाचा पालट दिसतो. ‘बालबोध’ आणि ‘आनंद’ ह्या दोन नावांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. पहिल्या नावात मुलाला काय द्यावयाचे ते सांगितले आहे, दुसऱ्यात मुलाला काय हवे ते. पुढे गोपीनाथ तळवलकरांनी ‘आनंद’ सांभाळला. दरम्यान ‘खेळगडी’सारखी मासिके निघाली, आणि त्या नावाने तर संपादकाला खुर्चीवरून उठवून अंगणातच आणले.

मासिकाने आणखी एक गोष्ट साधली. क्रमशः येणाऱ्या गोष्टीतला नायक मुलांच्या ओळखीचा होऊ लागला. ना. धों. ताम्हनकरांचा (१८९३-१९६१) ‘गोट्या’ असाच ‘खेळगडी’तून आला. गोट्या हा कोणाचा आदर्श नाही. तो चांगला मुलगा आहे, पण चुकतो, फजीत होतो, आणि वाचणाऱ्या मुलाला त्याचा हेवा वाटण्याऐवजी जवळीक वाटते. त्याची जोडीदारीण शोभावी अशी ‘चिंगी’ही ताम्हनकरांनीच दिली.

४

ह्याच सुमारास बडोद्यास एक निराळा प्रयोग चालू होता. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्यास लागू केला. परंतु शाळा सुटल्यावर वाचावयास काही मिळाले नाही तर शिकलेले अक्षर चार वर्षांत पुसून जाते, हे महाराजांनी ओळखले. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणविले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेट्यांतून फिरणारी पुस्तके अशी सबंध व्यवस्था उभी राहिली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता. सयाजी साहित्यमालेच्या जोडीने ‘सयाजी बालज्ञानमाला’ ह्या नावाने मुलांची छोटी पुस्तकेही निघाली.

आमच्या मते बडोद्याच्या ह्या प्रयोगातील मर्म पुस्तकांच्या संख्येत नाही. पेटी गावात जाते, हे त्यातील मर्म आहे. पुस्तकाने मुलाकडे चालत गेले पाहिजे, मुलाने पुस्तकाकडे येण्याची वाट पाहू नये, हा विचार आपल्याकडे एका संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी अमलात आणून दाखविला.

५

स्वातंत्र्याच्या आगेमागे बालवाङ्मय वयात आले. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात उपदेश पुष्कळ आहे, पण तो आईच्या तोंडून आणि दारिद्र्याच्या आचेतून आलेला असल्याने मुलांना तो टोचत नाही. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी तिचा चित्रपट केला आणि त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. १९६१ मध्ये विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ व ‘एकदा काय झाले’ ही पुस्तके आली आणि मुलांच्या कवितेत निखळ गमतीला मानाचे पान मिळाले.

भा. रा. भागवत (१९१०-२००१) हे नाव ह्या संदर्भात विशेष आदराने घेतले पाहिजे. त्यांचा जन्म इंदूरचा. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी मुलांसाठी एक मासिक चालविले आणि त्याचे नाव ठेविले ‘बालमित्र’. छत्र्यांच्या पुस्तकाचे नाव सव्वाशे वर्षांनी असे परत आले, पण आता त्या मित्राने छडी खाली ठेवली होती. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी भागवतांनी मराठीत आणल्या. फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ ‘फास्टर फेणे’ हा तर त्यांचा मानसपुत्रच. सायकलवरून सुसाट सुटणारा हा किडकिडीत पोरगा मुलांना इतका आपला वाटला, की २०१७ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला तेव्हा आजोबा आणि नातू एकाच ओढीने तो पाहावयास गेले.

पुढे १९७१ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाने ‘किशोर’ सुरू केले. मद्रासेहून निघणारा ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठी घरांत येत होता. तो आता बंद पडला आहे. पण तंजावरपासून निघालेला धागा दक्षिणेत पुन्हा एकदा दिसला, हे येथे नमूद करावेसे वाटते.

६

आता आपल्या स्वतःच्या परिस्थितीकडे वळू. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांतली पुष्कळ मुले आज दुसऱ्या भाषेच्या शाळेत जातात. त्यांच्यावर मराठीची सक्ती करणारे कोणी नाही. परीक्षेचे भय नाही, गुणांचे आमिष नाही. अशा मुलाच्या बाबतीत मराठी टिकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे गोडी. म्हणून ‘बोध की आनंद’ हा महाराष्ट्रात रुचीचा प्रश्न असेल, आपल्याकडे तो भाषेच्या जगण्याचा प्रश्न आहे.

डॉ. जयंत नारळीकर ह्यांचे उदाहरण सर्वांसमोर आहे. त्यांचे बालपण बनारसला गेले आणि शाळेचे माध्यम हिंदी होते. तरी पुढे १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी टोपणनावाने विज्ञानकथा लिहिली ती मराठीत, आणि ‘यक्षांची देणगी’ (१९७९) ह्या संग्रहाने कित्येक कुमारांना विज्ञानाची ओढ लावली. घरातले मराठी किती दूर जाऊ शकते, ह्याचा हा पुरावा.

आमच्या पाहण्यात एक शाळा आली. तिच्या कपाटात मुलांची दोनशेच्यावर मराठी पुस्तके होती, एकही फाटलेले नव्हते. मुख्याध्यापकांनी ते अभिमानाने दाखविले. कपाटास कुलूप होते. आम्हांस त्या कोऱ्या पुस्तकांचे फार वाईट वाटले.

म्हणून शिक्षकमित्रांस आमची विनंती अशी : सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांस विंदांच्या बालकविता मोठ्याने म्हणून दाखवाव्या, आणि माधुरी पुरंदरे ह्यांची चित्रमय पुस्तके हाती द्यावी. अक्षर न येणारे मूलही त्यांतली चित्रे वाचते. आठ ते अकरा ह्या वयास इसाप, वेताळ, गोट्या आणि चिंगी पुरेत. अकरा ते चौदा ह्या वयात साहसाची भूक मोठी असते. तेव्हा फास्टर फेणे आणि व्हर्न ह्यांना पर्याय नाही. ‘किशोर’चे जुने अंक पाठ्यपुस्तक मंडळाने संगणकावर विनामूल्य ठेविले आहेत. दूरच्या गावी राहणाऱ्या शिक्षकाला ही घरपोच आलेली पेटीच होय.

त्यापुढच्या मुलांस ‘श्यामची आई’ द्यावी, पण एका दमात नव्हे. बेचाळीस रात्रींत सांगितलेली ती गोष्ट आहे, रोज एक रात्र वाचावी. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही मोठ्यांची म्हणून दडवू नयेत. सीमाभागातील मुलांच्या हाती तर प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ (१९९४) आवर्जून ठेवावा. लेखकाचे बालपण बेळगावात गेले. त्यातल्या लंपनच्या मराठीला कानडीचा वास आहे, आणि आपण बोलतो तसेही पुस्तकात लिहितात हे कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो कोणत्याही व्याकरणाने पडत नाही.

आणि शेवटी एकच. कपाटाची किल्ली एखाद्या मुलाच्या हाती द्यावी. वर्षअखेरीस पुस्तके मोजताना दहा-वीस कमी भरतील, काहींची पाने सुटलेली असतील. त्या यादीपुढे ‘वाचली गेली’ असा शेरा मारून नव्या पुस्तकांची मागणी करावी.