सामाईक आकाशक व एफएम ट्यूनर

सामाईक आकाशक म्हणजे एकाच इमारतीतील अनेक घरांना, किंवा एकाच घरातील अनेक ग्राही संचांना, नभोवाणीचा अथवा दूरचित्रवाणीचा संदेश पुरवणारे एकच आकाशक होय. ते बहुधा गच्चीवर बसवतात. तेथून केबल खाली उतरते, वाटपाच्या पेटीत तिचे फाटे होतात आणि प्रत्येक घरातील भिंतीच्या सॉकेटपाशी एकेक फाटा संपतो. ध्वनिसंचातील स्वतंत्र एफएम ट्यूनर अशा सॉकेटला जोडला, तर खोलीतल्या तारेपेक्षा पुष्कळ स्वच्छ स्टिरिओ ध्वनी मिळू शकतो. मात्र आकाशक कोणत्या कामासाठी उभारलेले आहे, यावर ते अवलंबून असते. या लेखात मुख्यतः छत्रपती संभाजीनगर शहरातील परिस्थितीच्या अनुषंगाने माहिती दिली आहे.

संज्ञा

मराठी विश्वकोशात अँटेनासाठी 'आकाशक' ही संज्ञा वापरली आहे. व्यवहारात मात्र जुन्या पिढीत 'एरियल' आणि दूरदर्शन आल्यानंतर 'अँटिना' हेच शब्द रुळले. व्हॉल्व्हच्या रेडिओच्या काळात घराघरांत तांब्याच्या जाळीची अरुंद पट्टी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेली असे. तिलाही लोक एरियलच म्हणत. ती पट्टी मध्यमलहरी व लघुलहरींसाठी असे. एफएमसाठी तिचा विशेष उपयोग नाही, कारण दोहोंच्या तरंगलांबीत शेकडो पटींपर्यंत फरक पडतो.

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंत औरंगाबाद) या शहराचा नभोवाणीशी संबंध स्वातंत्र्यपूर्व काळापासून आहे. १९४७ साली ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रे होती. त्यांव्यतिरिक्त संस्थानी प्रदेशांत म्हैसूर, बडोदे, तिरुअनंतपुरम, हैदराबाद आणि औरंगाबाद अशी पाच केंद्रे चालू होती. त्यांतील शेवटची दोन निजामाच्या राज्यातील होत. आजचे आकाशवाणी केंद्र जालना रस्त्यावर असून लगतचा चौक आकाशवाणी चौक म्हणूनच ओळखला जातो. केंद्राचे एफएम प्रसारण १०१.७ मेगाहर्ट्‌झवर ऐकू येते. त्याशिवाय खाजगी एफएम वाहिन्याही शहरात आहेत. दूरदर्शनचा मनोरा खुलताबादजवळ म्हैसमाळच्या डोंगरावर आहे.

कंप्रता विरूपणाची, म्हणजेच एफएमची, पद्धत एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याने १९३३ साली एकस्वाने संरक्षित केली. आज सर्वत्र प्रचलित असलेली स्टिरिओ प्रसारणाची पद्धत अमेरिकेत १९६१ साली मान्य झाली. भारतात पहिले एफएम प्रसारण २३ जुलै १९७७ रोजी मद्रासमध्ये सुरू झाले. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी एफएम सर्रास ऐकू येऊ लागण्यास पुढे बराच काळ जावा लागला. परिणामी, आपल्याकडे सामाईक आकाशके उभी राहिली ती दूरदर्शनसाठी. रेडिओचा विचार त्यांत क्वचितच झाला. याउलट जर्मनीसारख्या देशांत गृहसंकुलांच्या सामाईक आकाशकात एफएमचा भाग आरंभापासून असे, आणि भिंतीवरील सॉकेटला दूरचित्रवाणी व रेडिओ यांसाठी दोन वेगवेगळी छिद्रे असत. युरोपातून आणलेल्या ट्यूनरच्या पुस्तिकेत 'भिंतीवरील रेडिओ सॉकेटला जोडा' असे लिहिलेले आढळते. येथील वाचकाला त्याचा बोध होत नाही, त्याचे कारण हेच.

स्टिरिओला सबळ संदेश का लागतो

मोनो कार्यक्रम स्वच्छ ऐकू येतो, पण ट्यूनरवरील स्टिरिओचा दिवा लागताच खरखर सुरू होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पुष्कळांना तो संचातील दोष वाटतो आणि संच विनाकारण दुरुस्तीला जातो. वास्तविक तो पद्धतीचाच गुणधर्म आहे.

स्टिरिओ प्रसारणात डाव्या व उजव्या ध्वनीची बेरीज नेहमीच्या जागी, १५ किलोहर्ट्‌झपर्यंतच्या पट्ट्यात पाठवली जाते. त्यामुळे साध्या मोनो रेडिओवरही पूर्ण कार्यक्रम ऐकू येतो. दोहोंची वजाबाकी मात्र २३ ते ५३ किलोहर्ट्‌झ या वरच्या पट्ट्यात बसवतात, आणि ती उलगडण्यासाठी १९ किलोहर्ट्‌झचा एक मार्गदर्शक स्वर सोबत पाठवतात. ट्यूनरमधील दिवा लागतो तो हा स्वर ओळखला गेला म्हणून. एफएममध्ये गोंगाट कंप्रतेबरोबर वाढत जातो. साहजिकच वजाबाकीच्या वाट्याला बेरजेपेक्षा कितीतरी अधिक गोंगाट येतो आणि दोन्ही पुन्हा एकत्र केल्यावर तो आपल्या कानी पडतो. मोनोइतकीच शांतता स्टिरिओत हवी असेल, तर आकाशकाकडून सुमारे २० डेसिबेल अधिक, म्हणजे शंभर पट शक्तीचा संदेश मिळावा लागतो. ट्यूनरच्या मागे लोंबणारी तार इतके काम करू शकत नाही. गच्चीवरचे आकाशक करू शकते.

दुसरे कारण परावर्तनाचे. शहराच्या दक्षिणेस सातारा डोंगर आणि उत्तरेसही डोंगररांगा आहेत. मूळ लहर आणि डोंगरावरून वा उंच इमारतींवरून परतलेली लहर काही मायक्रोसेकंदांच्या अंतराने ट्यूनरपाशी पोचल्या, तर 'स', 'श' यांसारखी ऊष्म व्यंजने फाटल्यासारखी ऐकू येतात. गायनात तानपुऱ्याचा झणकार खरबरीत होतो. अशा वेळी संदेश सबळ असूनही ध्वनी बिघडलेला असतो. त्यावर बूस्टर लावून उपयोग होत नाही, कारण बूस्टर दोन्ही लहरी सारख्याच वाढवतो. येथे दिशादर्शी आकाशकच लागते.

आकाशक व वाटप

एफएमसाठीचे सर्वांत साधे आकाशक म्हणजे अर्धतरंग द्विध्रुव. १०१.७ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे २.९५ मीटर असते. तिच्या निम्म्यातून पाच टक्के वजा केल्यास द्विध्रुवाची एकूण लांबी साधारण १.४० मीटर, म्हणजे प्रत्येक भुजा ७० सेंटिमीटर येते. या मापाचे आकाशक ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झच्या संपूर्ण पट्ट्यात समाधानकारक चालते. आडवे आणि उभे अशा दोन्ही स्थितींत ते तपासून पाहावे. ज्या स्थितीत ऐकू येणे सुधारेल ती कायम करावी. द्विध्रुव दुमडलेला असेल तर त्याचा संरोध ३०० ओहम असतो आणि ७५ ओहमच्या समाक्ष केबलला तो जोडताना मध्ये बॅलन हा छोटा रोहित्र लागतो.

वाटपात होणारी घट आधीच मोजता येते. आरजी-६ जातीच्या केबलमध्ये १०० मेगाहर्ट्‌झला दर १०० मीटरमागे ६ ते ७ डेसिबेल घट होते. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेवर साडेतीन ते चार, चार वाटांच्यात सुमारे सात आणि आठ वाटांच्यात सुमारे अकरा डेसिबेल जातात. आठ सदनिकांची तीन मजली इमारत घेतली आणि केबल सरासरी ३० मीटर धरली, तर एकूण घट तेरा डेसिबेलच्या आसपास होते. अर्थात गच्चीवर मिळालेल्या शक्तीचा विसावा भाग घरात पोचतो. हा आकडा भीतिदायक वाटला तरी शहरात, प्रक्षेपकाच्या काही किलोमीटर परिसरात, तो चालून जातो. पैठण, कन्नड किंवा सिल्लोडसारख्या दूरच्या गावी मात्र बूस्टरशिवाय हे जमणे कठीण.

बूस्टर लावायचा तर तो आकाशकाजवळ, स्प्लिटरच्या आधी लावावा. खाली घरात लावलेला बूस्टर वाटेत मिसळलेला गोंगाटही संदेशासोबत वाढवतो. उलटपक्षी, आकाशवाणी चौकाच्या आसपास राहणाऱ्यांनी बूस्टरच्या नादी न लागणे बरे. तेथे संदेश इतका जोरकस असतो की बूस्टर संपृक्त होतो, आणि एकच केंद्र ट्यूनरवर तीन-चार ठिकाणी ऐकू येऊ लागते. अशा घरी उलट संदेश कमी करणारा क्षीणक बसवावा लागतो.

मोकळ्या राहिलेल्या वाटेवर ७५ ओहमचे टोपण लावणे आवश्यक आहे. आपल्याकडे केबलची साल काढून, तारा पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून फाटा काढण्याची सवय सर्वत्र दिसते. विजेच्या तारेला ते कदाचित चालेल. समाक्ष केबलला नाही. पिळलेल्या जोडापाशी संरोध बदलतो, लहर उलट फिरते आणि त्याचा त्रास शेजारच्या घरालाही होतो.

ट्यूनरच्या मागील जोडणी

ट्यूनरच्या मागे बहुधा ७५ ओहमचे गोल समाक्ष सॉकेट किंवा ३०० ओहमचे दोन स्क्रू असतात. काही संचांत दोन्ही असतात. गोल सॉकेटमध्ये केबल थेट बसते, स्क्रूंसाठी बॅलन लागतो. 'एएम' लिहिलेल्या जागी सामाईक आकाशकाची केबल जोडू नये. मध्यमलहरींसाठी संचासोबत येणारे चौकटीचे आकाशक तेथेच राहू द्यावे, कारण सामाईक आकाशकाच्या साखळीतून मध्यमलहरी येतच नाहीत.

जोडणीनंतर ५० हर्ट्‌झच्या आसपासची घुमणारी गुणगुण ऐकू आल्यास दोष बहुधा भूसंपर्काच्या वर्तुळाचा असतो: ध्वनिसंच घरातील तीनपिनी प्लगमधून आणि केबलचे बाह्य आवरण गच्चीवरून, अशा दोन मार्गांनी जमिनीशी जोडलेले असते. केबलच्या मार्गात विलगक बसवल्यास गुणगुण थांबते. तीनपिनी प्लगची जाड पिन काढून टाकणे हा तिच्यावरील उपाय नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

कोणत्या केबलला ट्यूनर जोडू नये

घरात येणारी प्रत्येक गोल केबल सारखी दिसत असल्याने येथे गोंधळ होतो. डिशच्या केबलमधून ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झचा संदेश येतो. त्यात एफएम नसते. शिवाय सेट-टॉप बॉक्स त्याच केबलमधून डिशवरील उपकरणाला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो. साध्या स्प्लिटरने तिचा फाटा काढून ट्यूनरला दिल्यास हे व्होल्ट ट्यूनरमध्ये शिरतात आणि त्याचा पहिलाच भाग निकामी होऊ शकतो.

केबल टीव्हीचेही तसेच. शहर डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात होते आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. डिजिटल वाहिन्यांची स्पंदने एफएम ट्यूनरला निव्वळ गोंगाट वाटतात.

दूरदर्शनच्या काळातील, गच्चीवर गंजत उभी असलेली आकाशके वापरावी काय, असेही विचारले जाते. वाहिनी ५ ते १२ यांसाठीची आकाशके १७४ ते २३० मेगाहर्ट्‌झकरिता कापलेली आहेत. त्यांच्या काड्या एफएमला हव्या त्याच्या जवळजवळ निम्म्या लांबीच्या असतात, म्हणून कामगिरी बेताचीच राहते. त्यांचा खांब आणि केबलची वाट मात्र उपयोगी पडते. खांब तोच ठेवून नवे द्विध्रुव बसवणे स्वस्त पडते.

ज्यांना हे काहीच शक्य नसेल त्यांच्यासाठी दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश सेवेवर आकाशवाणीच्या वाहिन्याही असतात. सेट-टॉप बॉक्सचा ध्वनी निर्गम थेट ध्वनिवर्धकाच्या 'ऑक्स' सॉकेटला जोडला की ट्यूनरची गरज उरत नाही.

सुरक्षितता

मराठवाड्यात मार्च ते जून या काळात अवकाळी व वळवाच्या पावसासोबत विजा पडतात आणि दरवर्षी माणसे व जनावरे दगावतात. गच्चीवरील धातूचा खांब भूसंपर्कित असलाच पाहिजे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यासाठी किमान १६ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार लागते, आणि ती शक्य तितक्या सरळ मार्गाने खाली न्यावी. शहराची जमीन मुरमाड व खाली काळ्या पाषाणाची असल्याने उन्हाळ्यात ती कोरडी पडून भूसंपर्काचा रोध वाढतो. म्हणून विजांचा काळ सुरू होण्यापूर्वीच अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. असा भूसंपर्क खांबावर साठणारा विद्युत्‌भार वाहून नेतो, थेट कोसळणाऱ्या विजेपासून संरक्षण देत नाही. गडगडाट सुरू झाल्यावर गच्चीवर जाऊ नये आणि केबलला हातही लावू नये. ट्यूनरची केबल ढग दिसू लागताच, आधीच काढून ठेवावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' हे भ्रमणध्वनी अ‍ॅप परिसरातील विजांची पूर्वसूचना देते.

याहून अधिक धोका खांब उभारताना असतो. जुन्या वस्त्यांत व रो-हाउसच्या ओळींत विजेच्या तारा गच्चीला लागून जातात. सहा मीटरचा लोखंडी पाइप उभा करताना तोल गेला, तर तो ज्या अंतरापर्यंत पडू शकतो त्या अंतरात तार नसावी. तार असल्यास तेथे खांब उभारूच नये.

व्यवस्था

गच्ची ही सहकारी गृहनिर्माण संस्थेत सर्वांच्या सामाईक वापराची जागा असते. त्यामुळे तेथे आकाशक उभारण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी, आणि बूस्टरची वीज कोणाच्या मीटरवरून घ्यायची हे त्याच ठरावात लिहून ठेवावे. बूस्टर फार तर काही वॅट वीज घेतो. तरी पुढे वाद होतो तो नेमका त्यावरूनच. वाटपाच्या पेटीला कुलूप असावे आणि कोणती वाट कोणत्या घराची, याची चिठ्ठी पेटीच्या आतल्या बाजूस चिकटवावी. एखाद्या घराचा ट्यूनर अचानक मुका झाला, तर प्रथम हीच पेटी उघडून पाहतात.