फाउस्टची ग्रेटशेन आणि पॉवर मेटल

पॉवर मेटल म्हणजे नुसता कानठळ्या बसवणारा गोंगाट, असं वाटत असेल तर फ्लोरिडातल्या 'कॅमेलॉट' बँडचे दोन अल्बम जरूर ऐका: 'एपिका' (२००३) आणि 'द ब्लॅक हेलो' (२००५). दोन्ही मिळून गोएथेच्या 'फाउस्ट'वर बेतलेली एकच कथा सांगतात. विंदांनी मराठीत आणलेलं तेच हे नाटक! इथे फाउस्टचा झालाय एरियल आणि ग्रेटशेनची हेलेना. सैतानाला नॉर्वेच्या शाग्राथचा घोगरा आवाज दिलाय, तो फर्मास जमलाय.

ग्रेटशेनच्या मागे मात्र खरा इतिहास आहे. सुझाना ब्रांट नावाच्या मोलकरणीचा, स्वतःचं तान्हं मूल मारल्याबद्दल, जानेवारी १७७२ मध्ये फ्रँकफर्टला शिरच्छेद झाला. तरुण गोएथे तेव्हा त्याच गावात वकिली करत होता. नाटकाचा पहिला भाग १८०८ साली छापला गेला. त्यातल्या तुरुंगाच्या प्रसंगावर या खटल्याची छाया आहे. फाउस्ट सोडवायला येतो, पण ग्रेटशेन त्याच्याबरोबर पळून जायला नकार देते.

अल्बममधली हेलेना गरोदर असतानाच नदीत जीव देते. त्यामुळे तुरुंगही गेला आणि तिचा तो नकारही. गाणी मी आजही आवडीने ऐकतो, पण हा बदल काही पटत नाही.