घराच्या विम्याचा दावा आणि पुढील वर्षाचा हप्ता

सप्टेंबर २०२२ च्या प्रारंभी झालेल्या मुसळधार पावसाने बंगळुरूच्या पूर्व भागात हाहाकार उडविला. बेळ्ळंदूर, महादेवपुरा, यमलूर आणि सर्जापूर रस्ता परिसरातील अनेक वसाहती जलमय झाल्या. रहिवाशांना ट्रॅक्टर व नौकांमधून बाहेर काढावे लागले. तळ्यांना जोडणाऱ्या राजकालुव्यांवरील, म्हणजे मोठ्या नाल्यांवरील अतिक्रमणांचा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये येलहंका येथील केंद्रीय विहार या गृहसंकुलालाही पाण्याने वेढले. अशा आपत्तीनंतर घराचा विमा असलेल्यांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. दावा केला, तर पुढील वर्षी हप्ता वाढेल काय?

हप्ता कसा ठरतो

आगीच्या विम्याचे दर पूर्वी देशभर एकाच दरपत्रकानुसार आकारले जात. १ जानेवारी २००७ पासून हे दर खुले झाले. त्यामुळे आता प्रत्येक कंपनी विम्याची रक्कम, बांधकामाचा प्रकार, घराचे ठिकाण आणि जोखीम विचारात घेऊन हप्ता ठरविते. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर आधारलेली असते. जमिनीची किंमत तीत धरली जात नाही.

वाहन विम्यात दावा न करणाऱ्यास सलग पाच वर्षांनंतर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. घराच्या विम्यासाठी सर्व कंपन्यांना लागू असणारी अशी ठरीव सवलत नाही. मात्र पूर्वीच्या दाव्यांची माहिती कंपनी विचारू शकते आणि वारंवार दावे झालेल्या घराची जोखीम अधिक मानू शकते. ही माहिती दडविणे हप्ता वाढण्यापेक्षा महाग पडते, कारण त्यामुळे पॉलिसीच निरर्थक ठरू शकते.

भारत गृह रक्षा

विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू झाली. आग, पूर, वादळ, भूकंप, भूस्खलन, दंगल आदी संकटांपासून तीत संरक्षण मिळते. इमारतीच्या विम्यासोबत घरातील सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत आपोआप संरक्षण मिळते. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी मात्र वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

या पॉलिसीत दाव्याचा एक परिणाम तत्काळ होतो. भरपाई दिल्यानंतर विम्याची मूळ रक्कम पूर्ववत केली जाते आणि त्यासाठी उरलेल्या मुदतीचा प्रमाणशीर हप्ता विमाधारकाकडून घेतला जातो. समजा, विम्याची रक्कम ५० लाख आणि वार्षिक हप्ता ३,००० रुपये आहे. सहा महिन्यांनी पाच लाखांची भरपाई मिळाली, तर रक्कम पूर्ववत करण्यासाठी, कर वगळून, सुमारे १५० रुपये द्यावे लागतील. मोठ्या नुकसानीत केवळ हप्त्याच्या भीतीने दावा टाळणे हिताचे नाही, हे या हिशेबावरून स्पष्ट होते. किरकोळ दुरुस्तीचा खर्च मात्र स्वतः सोसावा की दावा करावा, याचा विचार ज्याने त्याने करावा.

शेजारच्या दाव्यांचा परिणाम

स्वतः दावा न करताही हप्ता वाढू शकतो. एखाद्या भागात वारंवार पूर येऊ लागल्यास तेथील सर्वच घरांची जोखीम वाढते. अमेरिकेत घरमालकाच्या मागील सात वर्षांपर्यंतच्या दाव्यांची नोंद कंपन्यांना पाहता येते. कॅलिफोर्नियात तर २०२३ मध्ये स्टेट फार्म या मोठ्या कंपनीने वणव्यांची वाढती जोखीम व बांधकामाचा वाढता खर्च अशी कारणे देत घरांचे नवे विमे घेणे थांबविले.

विमाधारकाने काय करावे

नुकसान होताच कंपनीस कळवावे, छायाचित्रे काढावीत, खरेदीच्या पावत्या जपाव्यात आणि सर्वेक्षकाच्या पाहणीपूर्वी भिजलेले सामान टाकून देऊ नये. नूतनीकरणाच्या वेळी हप्ता वाढल्यास कारण विचारावे व अन्य कंपन्यांचे दर पडताळून पाहावेत. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. कर्नाटकातील विमाधारकांसाठी हे कार्यालय बंगळुरू येथेच आहे.